रस्त्याचा पैसा रस्त्यालाच हवा

बंगळूर-म्हैसूर महामार्गाच्या श्रेयासाठी राजकीय पक्ष हातघाईवर आले. तो कोणत्या पैशातून उभा राहिला आणि त्याचा पुढचा टप्पा कोणत्या पैशातून पुरा होणार, हा प्रश्न मात्र संसदेतही कोणी लावून धरला नाही. रस्त्यांसाठी म्हणून गोळा होणाऱ्या निधीभोवतीचे कायद्याचे कुंपण विस्कटत चालले असताना हे मौन परवडणारे नाही.

कर्नाटकातील मंड्या येथे १२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बंगळूर-म्हैसूर महामार्गाचे लोकार्पण केले आणि त्याच समारंभात म्हैसूर-कुशालनगर या ९२ किलोमीटरच्या चौपदरी मार्गाची पायाभरणीही केली. पहिल्या कामाचा खर्च सुमारे ८,४८० कोटी रुपये, दुसऱ्याचा अंदाज सुमारे ४,१३० कोटी रुपये. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आलेली होती. साहजिकच श्रेयाची लढाई जुंपली. म्हैसूरचे तत्कालीन भाजप खासदार प्रताप सिंह यांनी हे काम आपल्या सरकारचे असल्याचे ठासून सांगितले, तर ऑस्कर फर्नांडिस केंद्रीय मंत्री असताना या मार्गाला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला होता, याची आठवण काँग्रेसने करून दिली. पुढे मे महिन्यात कर्नाटकात सत्तांतर झाले आणि म्हैसूर जिल्ह्यातीलच सिद्धरामय्या मुख्यमंत्री झाले. श्रेयाचा वाद तेथेच विरला.

खरा प्रश्न श्रेयाचा नव्हताच. म्हैसूरचा रस्ता वाहतुकीस खुला झाला असला तरी त्याचे पैसे अद्याप पुरते चुकते झालेले नाहीत. हे काम 'हायब्रिड अ‍ॅन्युइटी' पद्धतीने झाले. या पद्धतीत बांधकाम सुरू असताना सरकार खर्चाच्या ४० टक्के रक्कम देते. उरलेले ६० टक्के कंत्राटदार आपल्या जबाबदारीवर उभे करतो आणि सरकार ते त्याला साधारण पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी फेडते. म्हणजेच २०२३ मध्ये ज्या रस्त्याची फीत कापली गेली, त्याचे हप्ते पुढच्या दोन-तीन लोकसभांना मंजूर करावे लागणार आहेत. रस्त्याला मिळणारा सरकारी पैसा सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे आजही तितकाच जिवंत आहे.

तीन प्रयत्न, एक धडा

बंगळूर आणि म्हैसूर या शहरांमधला हा मार्ग म्हणजे भारतातील रस्ते अर्थकारणाची जणू प्रयोगशाळाच आहे. गेल्या तीस वर्षांत येथे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी पैसा उभारण्याचे प्रयत्न झाले.

पहिला प्रयत्न खासगी भांडवलाचा. १९९५ मध्ये एच. डी. देवेगौडा मुख्यमंत्री असताना बंगळूर-म्हैसूर पायाभूत सुविधा पट्ट्याचा सामंजस्य करार झाला. पुण्याचा कल्याणी उद्योगसमूह आणि दोन अमेरिकी कंपन्या यांच्या गटाने सुमारे १११ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग व पाच नगरे उभारायची, सरकारने पैशाऐवजी जमीन द्यायची, अशी ही योजना होती. १९९७ च्या आराखडा करारानुसार त्यासाठी २०,१९३ एकर जमीन लागणार होती. सरकारला एक रुपयाही न घालता रस्ता मिळेल, हे तेव्हाचे मोठे आकर्षण होते. पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. खटल्यांमागून खटले झाले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या बाजूने निकाल दिला. २०१६ मध्ये टी. बी. जयचंद्र यांच्या अध्यक्षतेखालील सभागृह समितीने प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. बंगळूरभोवतीचा वळण रस्ता झाला. म्हैसूरला पोहोचणारा द्रुतगती मार्ग मात्र कागदावरच राहिला. सरकारी तिजोरीतून पैसा गेला नाही हे खरे, पण हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी दशकानुदशके अधिसूचनेत अडकून पडल्या. फुकटचा रस्ता असा महाग पडतो.

दुसरा प्रयत्न राज्याच्या स्वतःच्या बळावरचा. मंड्या जिल्ह्याचेच सुपुत्र असलेले एस. एम. कृष्णा १९९९ ते २००४ या काळात मुख्यमंत्री होते. तेव्हा केंद्राचे लक्ष सुवर्ण चतुष्कोनावर केंद्रित झाले होते. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीमार्गे बंगळूर गाठणारा रस्ता त्या चतुष्कोनात आला आणि मराठी माणसाचा दक्षिणेचा प्रवास सुकर झाला. म्हैसूर मात्र त्या नकाशाबाहेर राहिले. म्हणून कर्नाटक रस्ते विकास महामंडळाने हा राज्यमार्ग चौपदरी केला. तो प्रयत्न यशस्वी ठरला. पण वाढत्या वाहतुकीपुढे राज्याची ऐपत लवकरच अपुरी पडली.

तिसरा प्रयत्न केंद्राचा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७५ म्हणून या रस्त्याला दर्जा मिळाला आणि मधले सहा पदर व दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते मिळून दहा पदरी असा ११८ किलोमीटरचा मार्ग दोन टप्प्यांत उभा राहिला. तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला.

या तिन्ही प्रयत्नांचा धडा एकच आहे. सरकारच्या पैशाची हमी जेवढी पक्की, तेवढा रस्ता पुरा. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वेळी खासगी निविदेचा आकडा अवास्तव वाटल्यावर राज्य सरकारने तो प्रस्ताव बाजूला सारला आणि रस्ते विकास महामंडळामार्फत कर्ज उभारून काम तडीस नेले. २००२ मध्ये तो मार्ग पूर्ण खुला झाला. याउलट मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ मध्ये खासगी सहभागाच्या भरवशावर सुरू झाला आणि दशक उलटले तरी कोकणवासीयांच्या नशिबी खड्डेच राहिले. पहिल्या कामात बांधकाम मंत्री म्हणून नितीन गडकरी यांचा पुढाकार होता. पुढे केंद्रीय मंत्री म्हणून म्हैसूरचा रस्ताही त्यांच्याच कारकिर्दीत झाला, हा योगायोग म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही.

जयकरांनी घातलेले कुंपण

रस्त्यांसाठी वेगळा, राखीव निधी असावा ही कल्पना ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे, ते मुकुंदराव जयकर हे मुंबईचे नामांकित कायदेपंडित, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर बसवावा, त्याचे उत्पन्न सर्वसाधारण महसुलात न मिसळता स्वतंत्र निधीत ठेवावे आणि वर्षअखेर शिल्लक राहिलेली रक्कम व्यपगत होऊ नये, असा त्या समितीच्या विचाराचा गाभा होता. १ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. गॅलनमागे दोन आणे असा तो कर होता.

जयकरांना सरकारी तिजोरीचा स्वभाव नेमका उमगला होता. रस्ता एका वर्षात होत नाही. भूसंपादनाला तीन वर्षे, बांधकामाला तीन वर्षे, देखभालीला पुढची तीस वर्षे लागतात. अर्थसंकल्पाचे आयुष्य मात्र बारा महिन्यांचे. दरवर्षी अर्थ खात्याच्या दारात उभे राहून मागितलेल्या पैशातून रस्ते तुकड्यातुकड्याने होतात, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर हे कुंपण हळूहळू खचत गेले. निधीची रक्कम वाढवण्यास १९८८ मध्ये संसदेने ठरावाद्वारे संमती दिली, पण त्याची अंमलबजावणी रखडली. अखेर अटलबिहारी वाजपेयी सरकारने पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसवला आणि २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधी कायदा केला. त्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, कोणाला किती वाटा मिळणार हे कायद्यातच लिहिलेले होते. डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांना. उरलेल्या रकमेतून साडेसत्तावन्न टक्के राष्ट्रीय महामार्गांना, साडेबारा टक्के रेल्वेवरील पूल व फाटकांच्या कामांना आणि तीस टक्के राज्यांच्या रस्त्यांना. अर्थमंत्री कोणीही असो, वाटा ठरलेला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला बाजारातून कर्ज मिळाले ते या हमीच्या बळावर.

कुंपण कसे मोडले?

घोडे पेंड खाते ते येथेच. २०१८ च्या वित्त कायद्याने या निधीचे नाव 'केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी' असे झाले. नावात दोन शब्द वाढले आणि अर्थ पार बदलला. पाणीपुरवठा, ऊर्जा, दळणवळण, शाळा, रुग्णालये अशा अनेक कामांवर हा पैसा खर्च करण्याची मुभा मिळाली. कायद्यातील निश्चित टक्केवारी गेली आणि वाटे ठरवण्याचे काम अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आले. निधीची चावी रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून अर्थ मंत्रालयाकडे गेली.

शाळा आणि रुग्णालये नकोत, असे कोण म्हणेल? पण एवढ्या मोठ्या बदलावर लोकसभेत चर्चा किती झाली? १४ मार्च २०१८ रोजी अनुदानाच्या साऱ्या मागण्या 'गिलोटिन' लावून आणि वित्त विधेयक चर्चेविना, असे सारे सुमारे अर्ध्या तासात मंजूर झाले. त्या अधिवेशनात अण्णा द्रमुकचे सदस्य कावेरी व्यवस्थापन मंडळासाठी, तेलुगू देसमचे सदस्य विशेष दर्जासाठी हौद्यात उतरले होते आणि काँग्रेस पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यावरून आक्रमक होती. कावेरीच्या पाण्यावरून सभागृह ठप्प होते आणि कावेरीकाठच्या रस्त्याचा निधी त्याच गोंधळात मोकळा सोडला जात होता. सत्ताधाऱ्यांनी तो सोडला आणि विरोधकांच्या ते लक्षातही आले नाही.

परिणाम लगेच दिसले. २०१८-१९ या वर्षी केंद्राने विविध उपकर व अधिभारांतून सुमारे २ लाख ७४ हजार कोटी रुपये गोळा केले. त्यांपैकी संबंधित राखीव निधींत सुमारे १ लाख ६४ हजार कोटीच जमा झाले, असे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० मध्ये निदर्शनास आणले. जमा न झालेल्या रकमेत रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे १०,१५७ कोटी रुपये होते. बंगळूर-म्हैसूर महामार्गाच्या साऱ्या खर्चाहून अधिक रक्कम एका वर्षात आपल्या ठरलेल्या घरी पोहोचली नाही!

याची दुसरी बाजू संघराज्याची आहे. २००० मध्ये झालेल्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २७० नुसार केंद्राच्या करांत राज्यांना वाटा मिळतो, पण उपकर आणि अधिभार त्यातून वगळलेले आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर केंद्राचा एकूण भार लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होता. त्यातील रस्ते व पायाभूत सुविधा उपकर १८ रुपये. राज्यांबरोबर वाटून घ्यायचे मूळ उत्पादन शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे. एकेचाळीस टक्क्यांच्या हिशेबाने देशातील साऱ्या राज्यांना मिळून लिटरमागे ५७ पैसे! उपकर वाटणीतून वगळण्याचे समर्थन एकच असू शकते: तो विशिष्ट कामासाठी घेतलेला आहे. ते काम धूसर झाले की समर्थनही संपते. मग उरतो तो उपकराचा मुखवटा घातलेला सर्वसाधारण कर, ज्यात राज्यांना वाटा नाही आणि रस्त्याला हमी नाही.

आकडे मोठे, हमी लहान

अर्थ मंत्रालयाचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. पैशाला रंग नसतो, रस्त्यांवरील एकूण तरतूद वाढलेलीच आहे, मग निधी कोणत्या खिशातून आला याला महत्त्व काय, असे नेहमी ऐकवले जाते. तरतूद वाढली हे खरेच आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाची २०२५-२६ ची तरतूद सुमारे २ लाख ८७ हजार कोटी रुपये होती. महामार्ग प्राधिकरणाच्या डोक्यावरील कर्ज साडेतीन लाख कोटींच्या घरात गेल्यावर २०२२-२३ पासून नव्या कर्जाला लगाम घालून अर्थसंकल्पातून थेट पैसा देण्याचे धोरण स्वीकारले गेले, हेही योग्यच झाले.

पण म्हणूनच धोका वाढला आहे. कर्जाचा मार्ग अरुंद झाला, उपकराची टक्केवारी कायद्यातून गेली आणि पथकराची रक्कमही आधी भारताच्या संचित निधीत जमा होऊन मग अर्थसंकल्पाच्या वाटेने परत येते. म्हणजे साऱ्या वाटा अखेर एकाच दरवाजाशी येऊन थांबतात. त्या दरवाजावरचा पहारेकरी आज उदार आहे. उद्या असेलच असे नाही. इंधनाचे दर भडकले तेव्हा नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये याच उपकरात कपात करण्यात आली आणि तो पेट्रोलवर १८ रुपयांवरून ५ रुपयांवर, डिझेलवर १८ रुपयांवरून २ रुपयांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र रस्त्यांची गरज पाहून हा उपकर आता ठरत नाही, तो दरवाढीच्या राजकारणाबरोबर वर-खाली होतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

ओढाताण सुरू झाली की झळ प्रथम कोणाला लागते? मुख्य सहा पदरांना नव्हे. ते उद्घाटनाच्या छायाचित्रात येतात. कात्री लागण्याची भीती असते ती सेवा रस्त्याला, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याला, पादचारी पुलाला आणि गावाच्या तोंडाशी असलेल्या भुयारी मार्गाला. ही कामे मुख्य कामाच्या जोडीने झाली नाहीत की काय होते, हे म्हैसूरच्या रस्त्यावर दिसले. ऑगस्ट २०२२ च्या पावसात रामनगरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि उद्घाटनानंतर आठवड्याच्या आत पुन्हा पाणी साचले. पथकर मात्र १४ मार्च २०२३ पासून, म्हणजे लोकार्पणानंतर दोनच दिवसांनी सुरू झाला. सेवा रस्ते अपुरे असताना वसुली कशाची, या प्रश्नावर तेव्हा आंदोलने झाली. अपघातांतील मृत्यूंची संख्या चिंताजनक झाल्यावर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना मुख्य मार्गावर बंदी करावी लागली.

सुरक्षिततेच्या दृष्टीने ही बंदी समजण्यासारखी आहे. पण तिचा अर्थ असा की, मंड्याचा ऊस ट्रॅक्टरवर घालून निघालेला शेतकरी, चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांचा कारागीर आणि मद्दूरचा दुचाकीस्वार यांच्यासाठी सेवा रस्ता हाच महामार्ग आहे. बाह्यवळणांमुळे चन्नपट्टणच्या खेळण्यांच्या दुकानांचे आणि मद्दूर वड्यासाठी नावाजलेल्या उपाहारगृहांचे गिऱ्हाईक आधीच रोडावले. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या वाट्याला आलेला रस्ता तरी धड असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. आता म्हैसूर-कुशालनगर मार्ग हुणसूर-पिरियापट्टणच्या तंबाखूच्या पट्ट्यातून कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांकडे जाणार आहे. मंड्यातील चुका तेथे टाळायच्या असतील, तर सेवा रस्ते आणि निचऱ्याची कामे 'नंतर पाहू' या सदरात टाकून चालणार नाहीत.

राज्येही धुतल्या तांदळासारखी नाहीत

या प्रश्नावर केंद्राला जाब विचारताना राज्यांना मोकळे सोडता येत नाही. कर्नाटकाचा केंद्रीय करांतील वाटा चौदाव्या वित्त आयोगात ४.७१३ टक्के होता, तो पंधराव्या आयोगात ३.६४७ टक्क्यांवर आला. त्या अन्यायाविरुद्ध सिद्धरामय्या यांनी ७ फेब्रुवारी २०२४ रोजी सगळ्या मंत्रिमंडळासह जंतरमंतरवर धरणे धरले. मुद्दा रास्त होता. पण याच सरकारचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी जुलै २०२३ मध्ये स्वपक्षाच्या आमदारांना सांगितले होते की, पाच हमी योजनांसाठी सुमारे चाळीस हजार कोटी बाजूला काढावे लागल्याने यंदा विकासकामांना पैसा देता येणार नाही. महाराष्ट्राचा वाटा त्याच पंधराव्या आयोगात ५.५२१ वरून ६.३१७ टक्क्यांवर गेला, तरी २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी कंत्राटदार रस्त्यावर उतरले. थोडक्यात, राखीव पैशाला हात घालण्याचा मोह बंगळूर आणि मुंबईलाही तितकाच आहे.

निधी राखला म्हणजे तो योग्य रीतीने खर्च होईल, असेही नाही. भारतमालाच्या पहिल्या टप्प्यात मंत्रिमंडळाने किलोमीटरमागे १५.३७ कोटींचा खर्च मान्य केला होता, प्रत्यक्षात मंजूर झालेल्या कामांचा खर्च ३२.१७ कोटींवर पोहोचला, हे महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. म्हणून कुंपण आणि हिशेब या दोन्ही गोष्टी बरोबरच मागायला हव्यात.

संसदेने काय करावे?

मागणी तीन कलमी आणि साधी आहे. पहिली, २००० च्या कायद्यात होती तशी वाट्यांची टक्केवारी पुन्हा कायद्यात यावी. रस्त्यांसाठी किमान वाटा आणि त्यात राज्यांच्या मार्गांचा हिस्सा निश्चित असावा. अन्य पायाभूत कामांसाठी पैसा हवा असेल तर सरकारने त्या नावाने वेगळा कर मागावा आणि तो राज्यांबरोबर वाटून घ्यावा. दुसरी, प्रत्येक मोठ्या प्रकल्पात सेवा रस्ते, निचरा आणि पादचारी सुविधा यांची तरतूद स्वतंत्र शीर्षाखाली असावी, ती अन्य कामाकडे वळवता येऊ नये आणि ती कामे पुरी झाल्याखेरीज पथकर सुरू होऊ नये. तिसरी, जमा झालेला उपकर, निधीत गेलेला उपकर, प्रकल्पनिहाय पथकर आणि शिल्लक हप्ते यांचे एकत्रित विवरण दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर सभागृहापुढे ठेवले जावे. परिवहनविषयक स्थायी समितीने हे विवरण मागितले तर कोणतेही सरकार नाही म्हणू शकणार नाही.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. २०१८ मध्ये वित्त विधेयकाच्या पोटातून जे झाले, ते साध्या दुरुस्ती विधेयकाने पूर्ववत करता येते. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचे मिळून लोकसभेत ७६ सदस्य आहेत. सीमाप्रश्नावर ते एकमेकांसमोर उभे ठाकतात. पण कोकणातला प्रवासी आणि मंड्यातला शेतकरी यांचे हित या एका प्रश्नावर समान आहे. पुढचा अर्थसंकल्प येईल तेव्हा या ७६ जणांपैकी किती जण रस्ते मंत्रालयाच्या मागण्यांवर चर्चेचा आग्रह धरतात, ते मतदारांनी पाहावे. कुशालनगरचा मार्ग वेळेत आणि धडपणे पुरा होतो की नाही, याचा बराचसा निकाल तेथेच लागणार आहे.